क्लबहाऊसमधला फोटो खरंच १८८८ सालचा आहे का?

कॅव्हनवासी

नमस्कार. आयर्लंडमध्ये कॅव्हन काउंटीतल्या एका छोट्या गावात आम्ही अकरा वर्षं राहतोय. मुलगा गावच्या क्लबकडून गेलिक फुटबॉल खेळतो, अंडर-१२ मध्ये. सुरुवातीला मी मैदानाच्या कडेला छत्री धरून उभी असायचे. मग चहाच्या पाळीत नाव लागलं, आणि आता क्लबच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं ठरलंय तर समितीने मलाही त्यात घेतलंय. कोण्या एका घराण्याची नसलेली व्यक्ती हवी होती, असं सेक्रेटरीबाईंनी सरळ सांगितलं. मला हे काम मनापासून नीट करायचंय.

अडचण अशी. क्लबहाऊसमध्ये एक मोठा फोटो लावलाय. मिशाळ तरुण, दोन रांगा, मधल्याच्या पायाशी चेंडू. फ्रेमखाली पितळी पट्टी आणि तीवर साल, १८८८. ही आपली पहिली टीम, असं सगळे सांगतात. पण फोटोच्या पाठीमागे एक अक्षर नाही. वयस्कर मंडळींना विचारलं की बोलणं थेट १९४७ वर जातं. त्या वर्षी ऑल-आयर्लंडची, म्हणजे काउंट्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेची, फायनल न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाली, कॅव्हनने केरीला हरवलं, आणि रेडिओची लाइन बंद व्हायची वेळ आली तेव्हा समालोचक मायकल ओ'हेहीर अजून पाच मिनिटं द्या म्हणून विनवत होते. हे सांगताना ऐंशीच्या घरातल्या माणसांचे डोळे भरून येतात. आईवडिलांकडून ऐकलेलं असतं, तरीही. पण त्याआधीची साठ वर्षं कोरी.

एका जुन्या वहीत वर्तमानपत्राचं कात्रण मिळालं, तारीख कापली गेलेली. आमच्या संघाचा एक गोल, समोरच्यांचे सहा पॉईंट, आणि जिंकलो आम्ही! चेंडू जाळ्यात गेला की गोल, आडव्या दांड्यावरून गेला की पॉईंट, आणि गोलाचे तीन पॉईंट ना? मग जिंकलो कसे? कुठून सुरुवात करू, कोणी सांगेल का?

जुनीपानं

ताई, मी शेजारच्या मीथ काउंटीतल्या एका क्लबसाठी हे काम केलंय. दोन हिवाळे गेले त्यात, आणि पुन्हा करायला सांगितलं तरी करेन.

आधी फोटोतली माणसं मोजा. सुरुवातीला एका बाजूला एकवीस खेळाडू असायचे. १८९२ मध्ये ते सतरा झाले, आणि आजचे पंधरा आले १९१३ मध्ये. डोकी नुसती मोजू नका, कपडे बघून मोजा. कोट-हॅटवाले कडेला उभे असतात, ते पदाधिकारी. राखीव खेळाडू एखाददुसरा असू शकतो, म्हणून एवढ्यावर शपथ घेता येणार नाही, पण दिशा कळते.

आता तुमचं कात्रण. ते वाचून मी खुर्चीतून उठलो. १८९२ च्या आधी गोलाला पॉईंटांची किंमतच नव्हती. एक गोल झाला की समोरच्यांचे पॉईंट कितीही असोत, गोलवाले जिंकले. १८९२ मध्ये गोलाचे पाच पॉईंट ठरले, १८९६ मध्ये तीन. पाचाच्या हिशेबानेही सहा पॉईंटवाले जिंकले असते. म्हणजे तुमचा सामना १८९२ च्या आधीचा. त्या कात्रणाला हात लावताना जपा, डिंक-सेलोटेप काही लावू नका. क्लबच्या वयाचा पुरावा त्या फोटोपेक्षा हे कात्रण जास्त देतंय.

स्थापनेच्या सालाबद्दल एक सांगतो, कारण समितीत यावरूनच वाजतं. जीएए, म्हणजे गेलिक खेळांची संघटना, तिची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात झाली. तुमच्याच काउंटीत बॅलीकॉनेलला १८८५ मध्ये अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतातला पहिला क्लब निघाला, तेव्हा १८८८ हे साल अजिबात अशक्य नाही. पण १८९०-९१ मध्ये पार्नेल या आयरिश नेत्याच्या विवाहबाह्य प्रेमप्रकरणावरून सगळा देश दुभंगला, जीएए पार्नेलच्या बाजूने उभी राहिली, पाद्री विरोधात गेले आणि गावोगावचे क्लब बसले. त्यात तरुण पोरं बोटीने अमेरिकेला जात होती. पुढे कोणीतरी परत चेंडू आणायचा, कुठल्या तरी आयरिश वीराचं नवं नाव ठेवायचं, एमेट नाहीतर सार्सफिल्ड नाहीतर वुल्फ टोन, आणि तोही क्लब 'पहिला'च म्हणवायचा. एकाच गावाला दोन-तीन स्थापना असतात. गावातली दोन घरं संस्थापक म्हणून आपापल्या आजोबांचं नाव घेत असतील तर दोन्ही खरी असू शकतात.

कुठे बघायचं? अँग्लो-सेल्ट हे कॅव्हनचं वर्तमानपत्र १८४६ पासून निघतंय, कॅव्हन टाउनच्या जॉन्स्टन लायब्ररीत चौकशी करा. त्या काळी पोलीस जीएएवर नजर ठेवून असत, त्यांचे अहवाल डब्लिनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. ज्यांनी पाळत ठेवली त्यांच्याच कागदांत आपल्या माणसांच्या खुणा सापडतात, हे मला अजूनही हलवून टाकतं. आणि डूखस या लोकपरंपरेच्या वेबसाइटवरचं स्कूल्स कलेक्शन अजिबात सोडू नका. १९३७-३८ मध्ये शाळेच्या मुलांना घरातल्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी लिहून आणायला सांगितलं होतं. गावाच्या शाळेचं नाव टाकलं की मुलांच्या अक्षरातली पानं समोर येतात. जुन्या काळी चेंडू कसा करायचे, दोन गावांचा सामना कुठल्या शेतात व्हायचा, असल्या गोष्टी तिथे आहेत.

दक्षिणआर्माघ

वरच्या प्रतिसादात मोलाची माहिती आहे. मी फक्त एक भर घालतो. पुस्तिकेत ट्रॉफ्यांची यादीच छापू नका.

मी उत्तर आयर्लंडमधल्या आर्माघ काउंटीत, क्रॉसमॅग्लेनजवळ राहतो. वस्ती दीड हजाराच्या आसपास, आणि क्लबच्या नावावर क्लबांच्या स्पर्धेतली सहा ऑल-आयर्लंड विजेतेपदं : १९९७, १९९९, २०००, २००७, २०११, २०१२. आर्माघची काउंटी चॅम्पियनशिप १९९६ ते २००८ ओळीने तेरा वेळा. आकडे मोठे आहेत, पण इथली माणसं मला सांगतात ते वेगळंच. उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षाच्या काळात ब्रिटिश लष्कराचा तळ मैदानाला चिकटून होता, क्लबची जागा त्यात गेली होती आणि सामना चालू असताना डोक्यावरून हेलिकॉप्टर उतरायचं. माझे शेजारी सांगतात, बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून पोरं हाताच्या खुणांनी खेळायची. रविवारी खेळ मात्र चुकवला नाही. २००७ मध्ये उत्तर आयर्लंडमधली लष्कराची मोहीम संपली, आणि त्याच वर्षी क्लबने केरीच्या डॉ. क्रोक्स क्लबला फेरसामन्यात हरवून ऑल-आयर्लंड नेलं. त्या दोन गोष्टी इथे कोणी वेगळ्या करून सांगत नाही.

हरलेले सामनेही लिहा, हे कळकळीचं सांगणं. आमचे जो कर्नन १९७७ ची फायनल आर्माघकडून खेळले, डब्लिनने त्यांना हरवलं. उपविजेत्यांना मिळालेली पाटी त्यांनी पंचवीस वर्षं जपली. २००२ मध्ये ते आर्माघचे मॅनेजर. फायनलच्या मध्यंतराला संघ केरीच्या मागे होता. आमच्याच क्लबच्या ऑशीन मॅकॉनव्हिलची पेनल्टी हुकली होती. कर्ननने ती पाटी पोरांना दाखवली आणि भिंतीवर आपटून फोडली. दुसऱ्या डावात गोल केला तो ऑशीननेच, आणि आर्माघने आयुष्यातली पहिली ऑल-आयर्लंड जिंकली, १-१२ विरुद्ध ०-१४ (आधी गोल, मग पॉईंट). अशी पाटी तुमच्या गावातही कोणाच्या तरी कपाटात असणार. विचारा.

मैदानाकडेला

बायकांना विसरू नका एवढंच. लेडीज गेलिक फुटबॉल असोसिएशनही थर्ल्सच्या त्याच हेज हॉटेलात स्थापन झाली, १९७४ साली. तुमच्या गावात पहिली मुलींची टीम उभी करणाऱ्या बाया आज साठी-सत्तरीत असतील. त्यांची नावं कुठल्या पितळी पट्टीवर नाहीत. आधी त्यांच्याकडे जा, अर्काइव्ह्ज कुठे पळत नाहीत. आणि घरोघरचे फोटो बघाल तेव्हा मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहून घ्या, पेनाने नको, शाई पुढून उमटते.

कॅव्हनवासी

काल संध्याकाळी ट्रेनिंग चालू असताना क्लबहाऊसमध्ये स्टुलावर चढून मोजलं. एकूण एकोणीस. डावीकडचे दोघे कोटात, एकाच्या हातात हॅट. खेळायच्या कपड्यात सतरा.

सेक्रेटरीबाई खाली स्टूल धरून उभ्या होत्या. मी १८९२ चा नियम सांगितला तर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग पट्टीवरून रुमाल फिरवत म्हणाल्या, पट्टी माझ्या सासऱ्यांनी लावली होती, ती काढायची नाही, शेजारी दुसरी लावू. त्यानंतर मी कात्रण दाखवलं. ते त्यांनी तीनदा वाचलं.

मुलींच्या पहिल्या टीमबद्दल विचारलं, तर गोलकीपर त्याच होत्या. अकरा वर्षांत मला हे माहीत नव्हतं. शनिवारी आम्ही दोघी मिळून जॉन्स्टन लायब्ररीत जातोय, अँग्लो-सेल्टचे १८८८ पासूनचे अंक बघायला.