स्लीव्हनंतर पाचवा आठवडा: पोळी टिकत नाही, प्रथिनं भरत नाहीत, त्यात एकादशी

अबोली

सासूबाईंची (वय ५४) स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोट लहान करण्याचं ऑपरेशन, होऊन पाच आठवडे झाले. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मधुमेह आहे. घरी येताना ग्लिमेपिराइड बंद केली, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहेत. पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे, तोवर चार गोष्टी विचारायच्या आहेत.

पातळ आणि गुळगुळीत अन्न छान जात होतं. या आठवड्यात वरणात कुस्करून पोळी द्यायला लागलो, तर दोन-तीन घासांतच छातीच्या मधोमध अडकल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं, पांढरा फेस येतो आणि मग उलटी होते. पाणी, ताक, कढण यांचा काही त्रास नाही. आत काही बिघडलंय की खाण्यात चुकतंय?

दुसरं, रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं लिहिली आहेत. आमची बेरीज ३५ च्या वर जात नाही. प्रोटीन पावडर त्यांना नको आहे, "ती जिममधल्या मुलांची" म्हणतात.

तिसरं, कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन सगळं सकाळी चहाबरोबर एकदम घेतात. चालतं का?

आणि आषाढी एकादशी. त्या लग्नाआधीपासून धरतात, सोडणार नाहीत.

वाटीचमचा

पातळ सगळं जातंय आणि फक्त पोळी अडकतेय, म्हणजे बहुधा दोष पोळीचा. पण एकदा सर्जनच्या टीमला फोन करून कळवा, तीन आठवडे थांबू नका.

स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरते ती उभी अरुंद नळी, त्यात जेमतेम १०० ते १५० मिली मावतं. खाली जाताना तिला एक वळण आहे आणि नळी सगळ्यांत चिंचोळी तिथेच. कणकेत चिकटपणा असतो. चावलेली पोळी लाळेत पुन्हा एकजीव होते, तिचा गोळा बनतो आणि तो त्या वळणाशी येऊन बसतो. वरून लाळ येतच राहते, ती खाली उतरत नाही. तुम्हाला दिसतो तो फेस म्हणजे ही साठलेली लाळ. वरणात कुस्करल्याने फार फरक पडत नाही, कारण वरण पटकन खाली निघून जातं आणि कणीक मागे राहते.

असं झालं की वरून पाणी पाजू नका, ते गोळ्यावर साचतं आणि जोरात परत येतं. उभं राहायचं, हळूहळू फेऱ्या मारायच्या. उतरलं किंवा उलटून पडलं, तरी पुढचे २४ तास पातळावर ठेवा. आतलं अस्तर सुजलेलं असतं आणि त्यावर लगेच घन दिलं की दुसऱ्या दिवशी मऊ भातही अडकतो. बऱ्याच घरांत उलटीची साखळी लागते ती इथेच, "काहीच गेलं नाही पोटात" म्हणून तासाभरात पुन्हा भरवल्यामुळे.

पोळी, पाव, साबुदाणा, चिकट मऊ भात, गार पडलेले कोरडे पोहे हे सध्या बाजूला ठेवा. शेवग्याच्या शेंगा, गवारीच्या शिरा, संत्र्याच्या फोडींवरची सालंही नकोत. आठव्या आठवड्यानंतर पोळीऐवजी आधी ज्वारीची भाकरी करून बघा. ज्वारीत ग्लूटेन (कणकेला चिकटपणा देणारं प्रथिन) नसतं, त्यामुळे ती ताकात किंवा आमटीत भिजली की सुटी होते, गोळा धरत नाही. त्यानंतर पातळ फुलका, आणि तोही कडक भाजून.

खाण्याची रीतही बघा. चहाचा चमचा घ्या, मोठा नाही. घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवायचा, घासाची पूर्ण पेस्ट होईपर्यंत चावायचं, गिळल्यावर मिनिटभर थांबायचं. एका वेळी अर्धी छोटी वाटी पुष्कळ झाली, त्याला २० ते ३० मिनिटं लागायला हवीत. अर्ध्या तासानंतर उरलेलं काढून घ्या. उचकी, शिंक किंवा अचानक नाक वाहणं ही अनेकांना पोट भरल्याची खूण असते. त्यानंतरचा एक घास उलटी घेऊन येतो. जेवणाबरोबर पाणी नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास नाही. बाकी वेळात घोट घोट करून दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव जायला हवा.

गोदाकाठ

पोळी बंद करून तांदळाची पेज आणि नाचणीची आंबील दोन-तीन वेळा द्या. पचायला हलकी आणि ताकद येते.

वाटीचमचा

गोदाकाठ, पेज हलकी आहे हे खरं, पण वाटीभर पेजेत प्रथिनं एक-दोन ग्रॅमच असतात. ज्या पोटात दिवसभरात पाच-सहा छोट्या वाट्याच मावतात, तिथे एक वाटी पेज म्हणजे एका वाटी डाळीची जागा गेली. आंबीलही तशीच. आजारपणात आपल्याकडे जे पथ्य देतात, ते इथे उलटं पडतं. वजन उतरत असताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि अशक्तपणा वाढतो.

अबोली, बिनअंड्याच्या आहारात ६० कसे होतात ते बघा. सकाळी २०० मिली दुधात २० ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर घोटून दिली की साडेतेरा ग्रॅम. अकरा वाजता व्हे आयसोलेट या प्रोटीन पावडरचा एक स्कूप पाण्यात, सुमारे २४. दुपारी ३० ग्रॅम मूग डाळीचं घट्ट वरण (७ ग्रॅम) आणि त्यात कुस्करलेलं ३० ग्रॅम पनीर (साडेपाच). चार वाजता ५० ग्रॅम चक्का, साखर न घालता, साधारण साडेचार. रात्री ५० ग्रॅम पनीरची मऊ भुर्जी, ९. बेरीज ६३ च्या आसपास. डाळ कोरडी असताना काट्यावर मोजा. शिजल्यावर वाटीने मोजली की पाणी किती आहे त्यावर हिशेब दुपटीने चुकतो.

यातला व्हे काढला की पुन्हा ४० वर आलात. सासूबाईंना सांगा, व्हे म्हणजे पनीर करताना जे पाणी वेगळं होतं त्यातलंच प्रथिन, वाळवून पावडर केलेलं. दुधाने पोट फुगत असेल तर आयसोलेटच घ्या, त्यात लॅक्टोज अगदी कमी असतं. उकळत्या दुधात घालू नका, गुठळ्या होतात. कोमट किंवा गार पाण्यात आधी पेस्ट करा, मग पातळ करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

जेवताना क्रम धरा: आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर धान्य.

खलबत्ता

गोळ्यांबद्दल लिहितो. एकदम घेणं बंद करा, कारण कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही आणि चहातलं टॅनिन उरलंसुरलं लोह धरून ठेवतं. गोळी रोज घेऊनही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) घसरत जातं, त्यात ही सवय फार वेळा सापडते.

लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तास हवेत. चहा लोहापासून तास-दीड तास लांब. साधी मांडणी अशी: सकाळी चहा आणि नाश्ता, अकराला लोह लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, दुपारी जेवणानंतर कॅल्शियम, रात्री पुन्हा कॅल्शियम. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असतं, म्हणून ते लोहाच्या वेळेलाच जाऊ द्या.

कॅल्शियमच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. स्लीव्हनंतर ते कमी झालेलं असतं आणि वर आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलसारखी गोळीही चालू असते. म्हणून सायट्रेट बरं. आता घोळ होतो तो मिलिग्रॅमचा: १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम २१० च्या आसपासच असतं. दिवसाची गरज आहार धरून १२०० ते १५०० मिलिग्रॅम प्रत्यक्ष कॅल्शियमची आहे, आणि एका वेळी ५०० ते ६०० च्या वर नीट शोषलं जात नाही. पाकिटावर "एलिमेंटल" किती लिहिलंय ते बघूनच गोळ्या मोजा.

बी१२ तोंडावाटे रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन. शाकाहारी माणसात साठा आधीच कमी, त्यात मेटफॉर्मिनही बी१२ खाली आणतं, त्यामुळे यांच्या बाबतीत ही गोळी चुकवण्यासारखी नाही. डी जीवनसत्त्वाची पातळी ३० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर राहायला हवी. फळांच्या चवीच्या गमीज घेऊ नका, बहुतेकींत लोह नसतं आणि थायमिनही नसतं किंवा नावाला असतं.

थायमिन म्हणजे बी१. शरीरात याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. रोज उलट्या होत असतील तर तो संपतो, आणि मग चालताना तोल जाणं, एकाची दोन दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू होतं. हे मेंदूला कायमचं नुकसान करू शकतं. असा रुग्ण दवाखान्यात नेला की आधी "बॅरिअॅट्रिक ऑपरेशन झालंय, उलट्या होत्या" हे सांगा, कारण थायमिन न देता ग्लुकोजचं सलाइन लावलं तर प्रकृती आणखी बिघडते. गावातल्या छोट्या दवाखान्यात अशक्तपणावर पहिल्यांदा ग्लुकोजच लावतात, म्हणून हे घरच्यांनी तोंडपाठ ठेवावं.

अबोली

खूप आभार. कॅल्शियमचं पाकीट पाहिलं, कार्बोनेटच आहे. सर्जनच्या टीमशी बोलणं झालं, पोळी बंद करून पातळावर ठेवायला सांगितलंय. एकादशीचं काय करू? आणि केस गळायला लागतील असं सगळे घाबरवतात, म्हणून बायोटिन आणि झिंकच्या गोळ्या आणून ठेवल्यात.

कडुनिंब

एकादशीआधी औषधाचं बघा. डापाग्लिफ्लोझिन चालू असताना खाणंपिणं फार कमी झालं की रक्तात कीटोन आम्लं साठू शकतात, आणि यात साखर फारशी वाढलेली नसते. ग्लुकोमीटरवर १६० दिसतंय म्हणून घरचे निर्धास्त राहतात आणि इकडे मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास चालू असतो. ऑपरेशननंतर ही मळमळ "टाक्यांची असेल" म्हणून सोडून दिली जाते. पाच आठवड्यांनी ती गोळी का चालू आहे, हे डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. आणि मधल्या काळात उलट्या झाल्या, खाणं बंद पडलं तर त्या दिवशी ही गोळी द्यायची का, हेही त्याच फोनवर ठरवून घ्या. मेटफॉर्मिन लांब वेळ चालणारी मोठी गोळी असेल तर ती कुटून देऊ नका, वेगळं रूप लिहून मागा.

निर्जळी उपास नाहीच. पाणी तुटलं की या पोटाला ते एका बैठकीत भरून काढता येत नाही. पण एकादशीला जे चालतं त्यात त्यांचं पुष्कळ भागतं: दूध आणि दूध पावडर, चक्का, पनीर, ताक, पाण्यातलं व्हे. शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक करून दह्यात कालवलं तर २० ग्रॅम कुटात ५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, भरड नको. भोपळ्याची मऊ भाजी करा. साबुदाण्याची खिचडी मात्र नको. ती चिकट आहे, तेलकट आहे, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. वरीही त्या दिवशी दोन चमच्यांच्या पुढे नको. गोळ्या नेहमीच्या वेळेलाच.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. वजन झपाट्याने उतरल्याचा हा परिणाम आहे, मुळं शाबूत असतात आणि बहुतेकांचे परत येतात. सहा महिन्यांनंतरही गळत राहिले तर फेरिटिन, झिंक आणि प्रथिनं तपासा. झिंक मनाने सुरू करू नका. जास्त झिंकने तांबं कमी होतं, आणि तांबं कमी झालं की रक्त कमी होतं, पायांत मुंग्या येतात. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, त्यामुळे लॅबमध्ये सांगावं लागतं.

तांबडीमाती

भावाची वजनासाठीची मिनी बायपास (पोटाची, हृदयाची नाही) झाली आहे, त्यालाही हेच नियम का? गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक घेतो.

खलबत्ता

ती गोळी थांबवून आजच सर्जनना कळवा. बायपासमध्ये पोट आणि आतडं जिथे जोडतात तिथे व्रण होतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन आणि सिगारेट ही त्याची ठळक कारणं. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. हृदयासाठी अॅस्पिरिन लिहून दिलेली असेल तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका, विचारा.

खाण्याचे नियम तेच, पण गोडाची काळजी जास्त. आमरस, श्रीखंड, उसाचा रस पोटात न थांबता थेट आतड्यात उतरतो आणि १५ ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब. एक ते तीन तासांनी साखर खाली जाऊन थरथर होते, ती वेगळी गोष्ट. ती वारंवार होत असेल तर वेळ आणि त्या वेळची साखर लिहून ठेवा. लोह, कॅल्शियम आणि स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वं बायपासमध्ये कमी शोषली जातात, त्यामुळे मात्रा स्लीव्हपेक्षा वाढवाव्या लागतात.

कडुनिंब

दोघांसाठीही: ताप, काही न करता नाडी १२० च्या वर, डाव्या खांद्यात कळ, वाढती पोटदुखी, काळी शौच, एकाच पोटरीला सूज, किंवा पाण्याचा घोटही न टिकणं, यातलं काही दिसलं तर फोनवर वेळ न घालवता ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. पाणीसुद्धा टिकत नसेल तर नळी आकसलेली असू शकते. दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करता येते. बायपासमध्ये वर्ष-दोन वर्षांनीही जेवणानंतर येऊन-जाऊन पोटात पीळ पडत असेल तर आतडं अडकल्याची शंका घेऊन सीटी करावा लागतो, नुसत्या सोनोग्राफीत ते निसटतं.

उजव्या बरगडीखाली जेवणानंतर दुखलं तर पित्ताशयातले खडे बघा. वजन भराभर उतरताना ते होतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी सहा महिने उर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड देतात. कार्डावर लिहिलं असेल तर मध्येच सोडू नका.

रक्ततपासणी ३, ६ आणि १२ महिन्यांनी, नंतर दरवर्षी: सीबीसी, फेरिटिन, बी१२, फोलेट, डी, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन, एचबीए१सी. पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) लॅबवाले पॅकेजमध्ये धरत नाहीत, वेगळं लिहून घ्या.