जुनी लक्झरी सेडान रोजच्या वापराला: तुमचे अनुभव सांगा

धागा काढायचं कारण असं की गेल्या महिनाभरात तीन ओळखीच्यांनी मला एकच प्रश्न विचारला. नव्या मध्यम गाडीच्या पैशात आठ-दहा वर्षांची लक्झरी सेडान येते, रोज चालवायला घेऊ का? मी दर वेळी माझ्या एका गाडीवरून उत्तर देतो आणि ते अपुरं पडतं. म्हणून ज्यांनी अशी गाडी खरोखर रोज चालवली आहे, त्यांनी इथे लिहावं. रविवारी बाहेर काढून पुसून परत झाकणारी गाडी नको, सकाळी कामावर नेणारी हवी. काय बघून घेतली, काय बिघडलं, पुन्हा घ्यायची झाली तर काय बघाल? बिघाड सांगताना मात्र कंपनीचं नाव घेऊ नका. एकाच गाडीच्या दुखण्यावरून अख्ख्या मॉडेलवर शिक्का बसतो.

सुरुवात मी करतो. माझ्याकडे लेक्ससची (टोयोटाचाच महागडा ब्रँड) ईएस ३५० आहे. नऊ वर्षांची असताना घेतली, आता ती पंधरा वर्षांची झालीये. त्याआधी माझं मन एका मोठ्या फ्लॅगशिप (कंपनीच्या सगळ्यात वरच्या) सेडानवर बसलं होतं. सीटला मसाज, दार नुसतं टेकवलं की आत ओढून घेणारं. विकणाऱ्याला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवला, तर गरम. "आत्ताच जरा जागेवरून हलवली," असं उत्तर आलं. जागेवरून हलवल्याने बॉनेट तेवढं तापत नाही. तिथूनच परत फिरलो. थंड इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात जे सांगतं ते नंतर सांगत नाही. सैल टायमिंग चेनची (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी) खडखड, व्हॉल्व्ह सील गेल्यावर येणारा निळसर धुराचा एकच झोत, उभ्या गाडीत इंजिनाचा वरखाली होणारा वेग. इंजिन तापून तेल सगळीकडे पोचलं की यातलं बरंच झाकलं जातं.

ईएस चालवायला फार चपळ नाही, हे मान्य. पण तिचं ३.५ लिटरचं व्ही-६ टोयोटाच्या कॅमरीतही बसवलं गेलं, त्यामुळे ते हाताखालून गेलेला मेकॅनिक शोधावा लागत नाही. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायची कटकट नाही. सस्पेन्शनला साध्या स्प्रिंगा. सहा वर्षांत ब्रेक पॅड, बॅटरी, टायर आणि वेळच्या वेळी तेल, एवढंच केलं.

*

माझा अनुभव अगदी उलट आहे. मी घेतली ती गाडी एअर सस्पेन्शनवाली. पहिल्या दिवशी रस्त्यावरून अशी गेली की खड्डा आला कधी आणि गेला कधी ते कळलं नाही. मी त्याच क्षणी हो म्हटलं.

पाचव्या महिन्यात एका सकाळी मागचा डावा कोपरा खाली बसलेला दिसला. चाक जवळजवळ मडगार्डच्या आत. गाडी सुरू केली, मागून मिनिटभर घरघर आली आणि ती उठली. मला वाटलं, उठतेय ना, मग चालेल. तसं दोन महिने चालवलं आणि तिथेच नुकसान झालं. प्रत्येक चाकाशी स्प्रिंगेऐवजी रबराचा हवेने भरलेला फुगा असतो. त्याला वयाने बारीक चीर पडली होती. रात्रभर हवा निसटायची आणि सकाळी कॉम्प्रेसर भरून काढायचा. पण तो कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. रोज जास्त वेळ चालून तापला आणि जळला. एका फुग्यावर निभावलं असतं, त्यात कॉम्प्रेसर आणि त्याचा रिलेही गेला. मेकॅनिकने साबणाचं पाणी फवारून दाखवलं. रबराची जिथे घडी पडते, तिथे मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. एवढ्याशा भेगेने मला तीन आठवडे गाडीविना ठेवलं.

आता कुणी एअर सस्पेन्शनची गाडी बघायला निघालं, तर मी मोजायची टेप बरोबर न्यायला लावते. संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि गाडी न हलवता सकाळी परत मोजायचं. विकणारा दोनदा येऊ देत नसेल, तर आपणही एकदासुद्धा जाऊ नये.

*

लेक्सस एलएस ४००. कंपनीने १९८९मध्ये पहिल्यांदा बाजारात आणलेलं मॉडेल, ४ लिटरचं व्ही-८. माझी त्यानंतरच्या पिढीतली, १९९५ची. अजून आठवड्याचे पाच दिवस चालते.

हिच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे आणि तो साधारण दीड लाख किलोमीटरच्या आत बदलायचा असतो. सुरुवातीच्या इंजिनांत बेल्ट तुटला तर गाडी नुसती बंद पडते. १९९७मध्ये व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) आल्यानंतरच्या इंजिनांत मात्र पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. म्हणून वर्ष बघूनच पुढची चौकशी करा. दुसरं, स्टार्टर मोटर दोन्ही सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोलगट जागेत, हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या खाली बसवलेली आहे. तिथे पोचायला वरचा सगळा पसारा उतरवावा लागतो. पूर्वी हे काम झालं असेल तर त्याचं बिल मागून घ्या, ते मोलाचं असतं.

एक सांगायचं राहिलं. सिग्नलला उभी असताना ही चालू आहे की बंद हे कळायला मला अजूनही टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) बघावा लागतो. हे सुख मला दुसऱ्या कुठल्याही गाडीने दिलेलं नाही.

*

मी गाड्या दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. लोक गाडी घेतल्यावर माझ्याकडे आणतात, घेण्याआधी आणत नाहीत. त्याची मला खरंच हळहळ वाटते, कारण तासाभराच्या तपासणीत निम्मी दुखणी कळतात.

पहिलं स्कॅनर. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे तो जोडायचा. पण फॉल्ट कोड (गाडीने स्वतः नोंदलेले बिघाड) नाहीत म्हणजे गाडी निर्दोष असं समजू नका. विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसणं दोन मिनिटांचं काम आहे. पुसल्यावर मात्र गाडीच्या स्वतःच्या चाचण्यासुद्धा शून्यावर येतात. कॅटलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाची वाफ अडवणारी यंत्रणा, या सगळ्यांपुढे 'चाचणी अपूर्ण' असं दिसतं. त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं साधं ड्रायव्हिंग लागतं. रोज चालणाऱ्या गाडीत बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर कुणीतरी नुकतंच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरीची वायर काढली होती. कधी, कशासाठी, ते स्पष्ट विचारा.

दुसरं गिअरबॉक्सचं तेल. "हे तेल आयुष्यभराचं आहे, बदलायचं नसतं," असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं अनेकजण मला दाखवतात. कुणाच्या आयुष्यभराचं? बऱ्याच जर्मन सेडानमध्ये झेडएफ कंपनीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतात, आणि झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. त्यांच्या सहा गिअरच्या बॉक्समध्ये फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणजे अख्खं पॅन नवीन घालावं लागतं. गेल्याच महिन्यात एक पॅन उतरवलं. तळाच्या चुंबकांवर करड्या चिखलाचा थर होता. बोटाने पुसला तर मलमासारखा मऊ, तुकडा किंवा कण एकही नाही. मी मालकाला तिथेच सांगितलं की गिअरबॉक्स वाचलाय, फक्त उशीर झालाय. त्यात चकचकीत कपच्या असत्या तर वेगळं बोलावं लागलं असतं.

तिसरं, बॅटरी. या वर्गातल्या कित्येक गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला तसं कळवावं लागतं, नाहीतर तो जुन्या बॅटरीच्या हिशोबाने चार्जिंग करत राहतो आणि नवी लवकर दमते. व्होल्टेज घसरलं की या गाड्या नाही नाही ते इशारे दाखवतात. सस्पेन्शन, ब्रेक, एअरबॅग, सगळे दिवे एकदम. दहा इशारे एकाच वेळी लागले तर मी सगळ्यात आधी बॅटरी तपासतो.

*

ऑफिस सात किलोमीटरवर, आणि घेतली डिझेल. फक्त ॲव्हरेज बघितलं होतं. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर जळून साफ व्हायला साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. माझी गाडी तेवढी तापायच्या आतच पार्किंगमध्ये पोचायची. साफसफाई दर वेळी अर्धवट सुटायची आणि त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरायचं. डिपस्टिक काढली तर तेलाची पातळी वाढलेली! पातळी कमी झाली तर काळजी करायची एवढंच मला माहीत होतं. आता मी पेट्रोल चालवतो आणि अंतर तेच, सात किलोमीटर.

*

माझं थोडक्यात. १९ इंची चाकं दिसतात छान, पण टायरची भिंत दोन बोटांची. वर्षात दोन रिम वाकल्या. बाहेरचा व्यास तोच राहील असे १७ इंची बसवले (ब्रेकचा कॅलिपर आत मावतो का ते आधी बघा) आणि गाडी शांत झाली. आणि हो, टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचायला शिका. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल आहे म्हणून टायर ताजा असतो असं नाही.

*

मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या गाडीच्या मीटरवर ६८ हजार होते. घेतल्यावर चार महिन्यांनी एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने दुसऱ्या कंट्रोल युनिटमधला आकडा काढून दाखवला, १ लाख ९१ हजार. काही गाड्यांत अंतर एकापेक्षा जास्त ठिकाणी नोंदलं जातं आणि मागे फिरवणारा माणूस सगळीकडे पोचत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी नुसती गाडीत बसून राहिले. मग नीट बघितलं. ब्रेक पॅडलच्या रबराची नक्षी मधोमध गुळगुळीत झालेली. स्टिअरिंगचं चामडं डाव्या बाजूला आरशासारखं चकाकत होतं. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, जिच्यावरून माणूस रोज घसरत उतरतो, ती चपटी. हे सगळं घेतानाही माझ्या डोळ्यांसमोरच होतं. मी आकडा वाचला, गाडी वाचली नाही.

इंजिन चांगलं निघालं म्हणून ठेवली. पण फसवलं गेल्याची टोचणी अजून जात नाही.

*

ताई, असं झालेले पुष्कळ आहेत, फक्त लिहीत कुणी नाही. सीटची कड मी आजपासून यादीत घातली. (धागाकर्ता)

*

मर्सिडीज ई-क्लास, डब्ल्यू २११ पिढीतली. निवड करताना एकच गोष्ट घट्ट धरली, २००६च्या फेसलिफ्टनंतरचीच (त्याच मॉडेलच्या सुधारित आवृत्तीतलीच) घ्यायची. त्याआधीच्यांत एसबीसी नावाचे इलेक्ट्रॉनिक ब्रेक होते. त्यांचं युनिट ब्रेक किती वेळा दाबला ते मोजतं आणि ठरावीक आकडा झाला की बदलायचा इशारा देतं. फेसलिफ्टला नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक परत आले. मॉडेल कुठलंही असो, त्याचं कुठलं वर्ष शहाणं हे शोधण्यात पंधरा दिवस घालवा. स्प्रिंगांचं सस्पेन्शन, छोटं पेट्रोल इंजिन, कमीत कमी बटणं. डीलरला वाटलं मला गाडीतलं काही कळत नाही. सात वर्षं झाली.

*

दादा, मदत हवी आहे. शनिवारी दोन गाड्या बघायच्या आहेत, मॉडेल एकच, वर्षही एकच. पहिली ५८ हजार किलोमीटर, रंग चकाचक, कागदपत्रांत फक्त आरसी आणि विमा. दुसरी १ लाख ४२ हजार, बंपरला ओरखडे, पण मालक म्हणतो फाइल आहे. घरी सगळ्यांचं मत पहिलीकडे आहे.

*

दोन्ही बघा, पण दुसरी आधी, आणि फाइल गाडीच्या आधी. बिलांवरचे किलोमीटर चढत्या क्रमाने जातात का, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, कूलंट आणि ब्रेक ऑइल यांच्या नोंदी आहेत का ते तपासा. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, ते बहुधा दर दोन वर्षांनी बदलतात. ज्याने तेही बदललंय त्याने बाकीचं सहसा सोडलेलं नसतं. पहिल्या गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. एरवी गुंडाळलेल्या भागावर चिखलाचा डाग असेल, तर गाडी पाण्यात उभी होती. दोन्हींचा सतरा अक्षरी चासिस नंबर घेऊन कंपनीच्या रिकॉलमध्ये (दोष निघाल्यावर कंपनी गाड्या दुरुस्तीला परत बोलावते ते) काही बाकी आहे का तेही बघा. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल कित्येक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्यांना लागू होता, आणि मालक बदलला की अशी कामं राहून जातात. (धागाकर्ता)

*

शनिवारचं कळवतो. पहिलीचा बेल्ट ओढायला गेलो, तर विकणारा म्हणाला, "त्याला हात लावू नका, अडकतो." मी आग्रह धरला. अर्ध्यावरून पुढे पट्ट्याचा रंग बदललेला होता, मातकट, सरळ रेघेत. आभार मानून निघालो.

दुसरीचे मालक निवृत्त गृहस्थ. फाइल डिकीत होती, प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येक बिलामागे त्यांनी पेन्सिलने तारीख, किलोमीटर आणि कारण लिहिलंय. ९६ हजारांना गिअरबॉक्सचं तेल, पॅनसकट. तीन जागी 'आवाज येतो असं वाटलं, तपासलं, काही नाही' अशी नोंद. इंजिन थंड होतं, पहिल्या फेऱ्यात सुरू झालं. बायकोने चालवून बघितली आणि बंपरचे ओरखडे राहू देत म्हणाली. सोमवारी नावावर करायला टाकतोय. त्यांनी किल्ली देताना एक कोरी वही पण दिली.