उद्यानांतल्या मोफत वायफायची निविदा: भरावी की सोडावी?

केबलवाला
आमच्या महापालिकेने उद्यानांत मोफत वायफाय देण्यासाठी ई-निविदा काढली आहे. खांब आणि वीज पालिकेची. फायबर, यंत्रं आणि पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराची. पालिका दमडीही देणार नाही, उलट वर्षाला जो जास्त रक्कम भरेल त्याला काम. आपण वसूल करायचं ते जाहिरातींतून. माझा इंटरनेटचा छोटा धंदा आहे. भागीदार म्हणतो भरू, मी म्हणतो या अटींवर अजिबात नको.

गूगल आणि रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्थानकांवर मोफत वायफाय सुरू केलं. चारशेच्या वर स्थानकं झाली. त्याच सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने योजना गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. स्थानकावर माणूस गाडीची वाट बघत अडकलेला तरी असतो. पहाटे सहाला फेऱ्या मारणारे आजोबा माझी जाहिरात बघणार आहेत का?

एल-वन कधीच नाही
अर्धीच गोष्ट सांगताय. गूगल गेलं तरी रेलटेलने वायफाय बंद केलं नाही. २०२१ मध्ये त्यांनी रोज पहिला अर्धा तास मोफत आणि पुढे दहा रुपयांपासून योजना अशी सोय केली. तशी मुभा इथेही मागा की.

आणि खरी कमाई बागेत नाहीच. उद्यानापर्यंत फायबर गेलं की आजूबाजूच्या सोसायट्या तुमच्या. एरवी खोदाईच्या परवानगीसाठी किती खेटे घालता? तुमच्यासारखे छोटे मागे हटतात आणि मग तेच ओरडतात की सगळी कामं ठरावीक कंपन्यांनाच मिळतात.

केबलवाला
खोदाई शुल्क माफ केल्याचं निविदेत कुठेही नाही. ते भरूनच आत जायचं असेल तर सोसायट्या मला आजही मिळतात, पालिकेला वर्षाला रक्कम कशाला देऊ?

साइटवरचा माणूस
दोघेही कागदावर भांडताय. मी अशी कामं उभी केली आहेत. सर्वेक्षण मार्च-एप्रिलमध्ये होतं, झाडं अर्धी बोडकी असतात. जुलैत पानं भरतात, ओली होतात आणि ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल गिळून टाकतात. मग जादा यंत्रं आपल्या खिशातून. झाडाला खिळा ठोकलात तर वृक्ष प्राधिकरणाची नोटीस वेगळी. रात्री बाग बंद करताना रखवालदार दिव्यांबरोबर मेन स्विचही पाडतो, आणि सेवा बंद राहिल्याचा दंड ठेकेदाराला! वीज पालिकेची असली तर तेवढा वेळ दंडातून वगळायचा, हे करारात लिहून घ्या. बाकी सगळं नंतर.

जमाखर्च
धागाकर्त्यांना पालिकेकडून पैसे मिळाले असते तर चाललं असतं, असं दिसतंय. पालिकेचं बिल कधी काढलंय का हो? सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे: ४५ दिवसांत पैसे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. वाचायला छान आहे. पण त्याच कार्यालयात पुढची निविदा भरायची असते, त्यामुळे दावा लावतो कोण? जाहिरातीचे पैसे थोडे असतील, पण ते लेखा विभागाच्या टेबलावर अडकत नाहीत. मी भरलं असतं.

बाकावरची
मुळात बागेत वायफाय हवंय कोणाला? आमच्या बागेत पिण्याच्या पाण्याचा नळ नाही, स्वच्छतागृहाला कुलूप. आधी ते बघा.

अभ्यासिका
ताई, एमपीएससी करणारी मुलं दुपारभर बागेत बसतात. दोन लेक्चरं पाहिली की दिवसाचा दीड जीबी संपतो. नळही हवाच, पण म्हणून हे नको असं कसं?

केबलवाला
मुलांना हवंय, मान्य. पण खर्च पालिकेने उचलावा, मी का? शिवाय जबाबदारीचं कोणी बोलतच नाहीये. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा ईमेल सानपाड्यातल्या एका उघड्या वायफायवरून गेला होता. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वापरणाऱ्याची ओळख पटवणं बंधनकारक केलं. म्हणजे ओटीपीचा खर्च माझा, नोंदी जपायच्या मी, पोलिसांचा फोनही मलाच.

एल-वन कधीच नाही
तो खर्च तुम्ही आज घरगुती ग्राहकांसाठी करताच ना? आणि इतकं वावडं असेल तर पीएम-वाणी ही केंद्राची सार्वजनिक वायफायची योजना आहे. डिसेंबर २०२० पासून फाटकावरचा चहावालासुद्धा परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो. त्याला जोडणी द्या, निविदेच्या भानगडीत पडूच नका.

केबलवाला
हे पटण्यासारखं आहे, पण चहावाल्याचा सिग्नल बागेच्या मागच्या कोपऱ्यात पोचणार नाही. सोमवारी प्री-बिड, म्हणजे निविदा भरण्याआधी शंका मांडायची बैठक आहे. खोदाई शुल्क माफी, वीज नसतानाचा दंड आणि अर्ध्या तासानंतर पैसे घेण्याची मुभा, हे तीन मुद्दे मांडतो. अटी बदलल्याचं शुद्धिपत्रक निघालं तर भरू, नाहीतर बयाणा रक्कम बँकेतच बरी.

एल-वन कधीच नाही
लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी विचारलेलं इतिवृत्तात येत नाही. आम्ही भरतोय, शुद्धिपत्रक निघो न निघो.