सराव करायचा तर बोर्डाच्या सूचनांप्रमाणे

'जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या की आत्मविश्वास आपोआप येतो' हे बोर्डाच्या परीक्षेच्या तयारीबद्दल दिले जाणारे मत बहुतांशी पटते. मात्र 'पहिली दहा मिनिटे पेपर नुसता वाचून काढा' हा त्यासोबतचा सल्ला महाराष्ट्र बोर्डापुरता तरी जुना झाला आहे, कारण 2023 पासून प्रश्नपत्रिका वेळेआधी मिळत नाही आणि ती दहा मिनिटे शेवटी वाढवून दिली जातात. घरचा सरावही त्याच हिशेबाने व्हावा.

शिवाय बारावीच्या भौतिकशास्त्रात बहुपर्यायी प्रश्नाचा पहिलाच प्रयत्न ग्राह्य धरला जातो, ही प्रश्नपत्रिकेवर छापलेली सूचना मुले (आणि क्लासवालेही) सहसा वाचत नाहीत. माझ्या भाचीने खाडाखोडीची सवय सराव परीक्षांमध्येच मोडली: आकडेमोड आधी कच्च्या कामात, मगच पर्यायाच्या अक्षरासह पूर्ण उत्तर.