अमेरिका एवढ्या लांब जाऊन युद्ध का करते? खरं कारण तेलच ना?

निफाडचा_बागायतदार:
मंडळी, २०२४ ला द्राक्षाचा सीझन आणि लाल समुद्रातला राडा एकदमच आला, येमेनच्या हुथी बंडखोरांच्या भीतीनं जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जाणारा रीफर (थंड) कंटेनर दहा-पंधरा दिवस लेट आणि भाडं वाढलं ते वेगळंच. तेव्हापासून डोक्यात आहे. जानेवारीत अमेरिका-ब्रिटननी येमेनवर बॉम्ब टाकले ते एकवेळ समजतं, जहाजांवर हल्ले चालूच होते. पण इराक? त्यानं २००३ ला अमेरिकेचं काय घोडं मारलं होतं? पॅकहाऊसवर विषय निघाला की सगळे म्हणतात तेल, संपलं. एवढं सोपं आहे का हे?

सिडकोकर७१:
तेलच. बाकी लोकशाही वगैरे वरून मारलेला रंग.

गंगापूर_रोड:
तेल होतंच हो, पण नुसतं तेलच पाहिजे होतं तर सद्दाम विकायला बसलेलाच होता, निर्बंध उठवले असते की काम झालं असतं, युद्धाच्या खर्चाच्या मानानं फुकटात. मला वाटतं आधी ठरतं, कारण मागून येतं. अमेरिकी संरक्षण खात्यातले वुल्फोविट्झ नंतर एका मुलाखतीत बोलूनच गेले की संहारक शस्त्रांचं कारण पुढं केलं कारण त्यावर सगळ्यांचं एकमत होत होतं. म्हणजे आत बसलेल्यांपैकी एकाला ११ सप्टेंबरनंतर जगाला दरारा दाखवायचाय, एकाला १९९१ च्या आखाती युद्धात सद्दामला हटवायचं अर्धवट राहिलेलं काम उरकायचंय, एकाला खरंच भीती वाटतेय, आणि बाहेर सांगताना कारण एकच. फेब्रुवारी २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री पॉवेल इराककडं असली शस्त्रं आहेत हे पटवायला युनोत पांढऱ्या पावडरची छोटी कुपी हातात धरून बसले होते, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. शस्त्रं काही सापडली नाहीत. आणि त्याच महिन्यात संरक्षणमंत्री रम्सफेल्ड म्हणत होते सहा दिवस लागतील, नाहीतर सहा आठवडे, सहा महिने काही लागणार नाहीत. सैन्य परत आलं डिसेंबर २०११ ला!! इतकं लांबणार हे आधी कळलं असतं तर निम्मे तरी मागं सरले असते.

देवळाली_कॅम्प:
बरोबर. त्यात एकदा पाय अडकला की नाकाचा प्रश्न होतो. व्हिएतनामचं बघा, ऑगस्ट १९६४ मध्ये टॉन्किनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झाला म्हणून युद्धाला मोकळीक देणारा ठराव आणला, तो हल्ला झालाच नव्हता, पण सिनेटमध्ये विरोधात मतं फक्त २. मग १९७३ पर्यंत निघता येईना.
आणि नुसतं अमेरिकेलाच का धरायचं, आमचे काका आयपीकेएफमध्ये, म्हणजे भारताच्या शांतिसेनेत, श्रीलंकेत जाफन्याला होते. १९८७ ला जाताना सांगितलेलं शांतता राखायला चाललोय, तिथल्या तमिळ बंडखोरांची, एलटीटीईची शस्त्रं जमा करून घ्यायची. ऑक्टोबरात त्यांच्याशीच जुंपली. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परत आली तोवर आपले हजारावर जवान गेले होते. काका आजही कशासाठी गेलो ते नीट सांगू शकत नाहीत, विषय काढला की चहा ठेव म्हणतात.

सिडकोकर७१:
दादा श्रीलंका शेजारी आहे, सरकारांमध्ये करार झाला होता. इराकला कोणी बोलावलं होतं? तुलना चुकतेय.

गंगापूर_रोड:
तुलना सोडा, अडवणारं कोण होतं ते बघा. १९५६ ला इजिप्तच्या नासरनी सुवेझ कालवा ताब्यात घेतला म्हणून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलनी आतून संगनमत करून हल्ला केला, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवरनी पौंडाला आधार द्यायला नकार दिल्यावर ब्रिटनची हवा गेली, त्यांचे पंतप्रधान ईडन दोन महिन्यांत घरी. २००३ ला अमेरिकेला असं धरणारं कोणी नव्हतं. आपल्याकडंही सैन्य मागितलं होतं, वाजपेयी सरकारनी जुलैत नाही म्हटलं, पण तोवर बगदाद पडून तीन महिने झाले होते.

निफाडचा_बागायतदार:
पण अमेरिकेतल्या खासदारांपैकी कोणीच नाही म्हटलं नाही?

गंगापूर_रोड:
म्हटलं की. ऑक्टोबर २००२, इराक युद्धाच्या ठरावावर सिनेटमध्ये ७७ बाजूनं, २३ विरोधात. नोव्हेंबरात निवडणूक होती भाऊ, देशद्रोही म्हणवून घेऊन मतं मागायला कोण जाणार.