कुंडीवर बांगड्यांच्या काचा: गम कुठला?

निशिगंध_७१: आईच्या डब्यात वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे साठलेत, हिरवे जास्त. मातीच्या कुंडीवर चिकटवायचेत. कुंडी उघड्या गॅलरीत, पावसाची झड थेट येते. सुतारकामाचा पांढरा गम चालेल का?

मनीप्लांट: दिवाणखान्यात ठेवणार असाल तर चालेल, गॅलरीत नाही. तो गम ओला राहिला की पुन्हा मऊ पडतो. दोन नळ्यांतलं एकत्र कालवून लावायचा इपॉक्सी गम घ्या, पण एका वेळी सुपारीएवढाच कालवा.

शैलाकाकू: निशिगंधताई, गमापेक्षा कुंडीचं बघा. माती पाणी पिते, ते आतून बाहेर येतं आणि काचा सुटतात. आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा, तळाचं भोक तेवढं मोकळं ठेवा. बांगडीचा लांब तुकडा कुंडीच्या पोटावर टेकतच नाही, दोन्ही टोकं अधांतरी राहतात. सेंटीमीटरभराचेच करा. जुन्या टॉवेलात गुंडाळून पकडीने तोडा, डोळ्यांना चष्मा हवाच. मधे दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. चोवीस तासांनी ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचा सिमेंटचा लगदा, भरा, जरा आळलं की ओलसर स्पंजने पुसा. टोकं त्यात बुडाली पाहिजेत, नाहीतर पाणी घालताना हात कापतो. पांढऱ्या ग्राउटात हिरवा फिका दिसतो, मी करडाच घेते.

निशिगंध_७१: काकू, सोनेरी वर्खाच्याही आहेत. वर्ख टिकेल?

शैलाकाकू: ग्राउट पुसताना घासला जातो हो. त्या आतल्या फोटोफ्रेमला वापरा.