ऊस वाढला आणि गोठ्यातलं वायफाय गेलं, मोठा अँटेना आणू का?

मळ्यातला_पलूस:
भावांनो जरा सांगा. घरी फायबर आहे, गोठा मळ्यात, घरापासून मोजून ४०० मीटर. गोठ्यात दोन कॅमेरे लावलेत कारण गाभण म्हशी आहेत आणि रात्री-अपरात्री बघायला लागतंय. फेब्रुवारीत ऊस कारखान्याला गेला, रान मोकळं होतं, तेव्हाच घराच्या टाकीवर ८ डीबीआयचा (अँटेना सिग्नल किती एकवटून फेकतो त्याचं माप) ओम्नी अँटेना उभा केला, तिथनं १० मीटर बारीक कोॲक्स वायर खाली हॉलमधल्या राऊटरला, आणि गोठ्यात खिडकीत जुना राऊटर रिपीटर करून ठेवला. गणपतीपर्यंत एक नंबर चाललं, दसऱ्यापासून चित्र अडकायला लागलं आणि आता खोडवा डोक्याच्या वर गेलाय तर काहीच नाय. गेल्या आठवड्यात म्हैस रात्री व्याली, कॅमेरा बंद, पहाटे गेलो तर रेडकू गारठून पडलेलं. पोत्यानं पुसून शेकलं, वाचलं, पण लय जिवाला लागलं. दुकानदार म्हणतोय १५ डीबीआयचा ओम्नी घेऊन जावा. आणू का?

तारवाला_मिरज:
दादा नका आणू, पैसे जातील. अँटेना ताकद वाढवत नाय, आहे ती वळवतो. पाणी मोटारीचं तेवढंच असतंय, सगळ्या वावरात सोडलं तर कुठंच पुरत नाय, एका सरीत सोडलं की टोकापर्यंत जातंय. ओम्नी म्हणजे चारी दिशांना, तुमचा गोठा एकाच दिशेला, मग बाकी तीन बाजूंचं कुणासाठी? आणि १५ चा ओम्नी घेतला की त्याचं फेकणं उभ्यात चपटं होतं, सात-आठ अंशांचीच चकती राहते, म्हणजे टाकीच्या खाली तुमच्या अंगणातसुद्धा रेंज मिळायची नाय.

दुसरं, ती वायर. बारीक कोॲक्स वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरीवर मीटरला जवळजवळ एक डीबी (सिग्नल किती घटला त्याचं माप) खाते, १० मीटरला ८ ते १० गेले, म्हणजे राऊटरनं सोडलेल्यातला सहावा ते दहावा हिस्सा वर पोचतोय. ८ डीबीआयचा अँटेना घेतलात आणि वायरीनंच ८ खाल्ले! म्हणून रेडिओ, म्हणजे सिग्नल सोडणारं यंत्र, पोलवरच पाहिजे, खाली फक्त नेटवर्क केबल यायची, त्याच केबलमधनं करंट जातो, १०० मीटरपर्यंत काही अडचण नाय. बाहेरची काळी केबल घ्या, घरातली पांढरी-राखाडी उन्हात तडकते.

आता ऊस. पानात पाणी असतं आणि पाणी सिग्नल पितं, पाऊस पडून गेल्यावर तर जास्तच. पण नुसता गोठ्याचा पत्रा नजरेला दिसला म्हणून भागत नाय, दोन अँटेनांच्या मधल्या रेषेभोवती वर-खाली मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. तुमच्या अंतराला ५.८ गिगाहर्ट्झवर मधोमध दीड मीटर तरी मोकळं पाहिजे, २.४ वर अजून जास्त. घराकडं टाकी २५ फुटांवर असेल, तिकडं प्रश्न नाय, प्रश्न गोठ्याच्या टोकाला आहे, राऊटर खिडकीत चार फुटांवर आणि समोर दहा-बारा फूट ऊस, वर तुरा आला की अजून उंच. दोन्हीकडं एक-एक डायरेक्शनल सीपीई (एकाच दिशेला फेकणारा, अँटेनासकट बाहेर लावायचा रेडिओ) घ्या, १३-१४ डीबीआयचा पॅनल, म्हणजे चपटा अँटेना, भरपूर झाला ४०० मीटरला. गोठ्याकडं २० फुटी जीआय पाइप शेडच्या खांबाला तीन-चार फुटांवरनं सुरू करून दोन क्लॅम्पनी आवळा आणि वरनं तीन बाजूंना तार ओढा, वाऱ्यानं डोललं की लिंक पण डोलते. दोन्ही पॅनल उभे तर उभेच ठेवा, एक आडवं झालं तर निम्म्याहून कितीतरी जास्त सिग्नल वाया जातो.

कोरेगाव_कडची:
मिरजकरांचं बरोबर आहे, पण अर्थिंग कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडं दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वळीव आला, पोल्ट्रीवरच्या पोलजवळ कुठंतरी वीज पडली, पोलवर नव्हे, तरी केबलमधनं येऊन रेडिओ, स्विच आणि डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) तिन्ही गेले. उसाच्या रानात २० फूट पाइप म्हणजे आजूबाजूला तोच सगळ्यात उंच. पाइपला जाड तांब्याची तार घेऊन जमिनीत वेगळा रॉड ठोका आणि केबल आत शिरते तिथं सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा) बसवा. थेट पडली तर काहीच वाचत नाही, पण जवळ पडलेलीनं होणारं नुकसान खूप कमी होतं. आणि केबल आत घेताना भोकाच्या खाली एक वाकण द्या, पाणी तिथनं ठिबकून जातं, नाहीतर केबलवरनं ओघळत सरळ जोडणीत.

मळ्यातला_पलूस:
ताई, दादा, दोघांचे आभार. एक विचारायचंय, पॅनलची लिंक आली की गोठ्यात मोबाईलला पण तेच चालेल का?

तारवाला_मिरज:
नाय, ते फक्त घर आणि गोठा जोडतं. गोठ्यात वेगळा छोटा ॲक्सेस पॉइंट (मोबाईलला वायफाय देणारा डबा) लावा, पत्र्याच्या खाली अँगलला, तोंड जमिनीकडं करून. छताचे ॲक्सेस पॉइंट खाली फेकायलाच केलेले असतात, भिंतीला उभे ठोकले की निम्मं शेजाऱ्याच्या रानात. पत्र्याच्या वर ठेवू नका, पत्रा आरपार काही जाऊ देत नाय. लिंक ५.८ वर, आतला २.४ वर, म्हणजे दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत.

मळ्यातला_पलूस:
रविवारी बसवलं. पोरगा टाकीवर फोन घेऊन उभा, मी शिडीवर पॅनल बोटभर-बोटभर फिरवत होतो, सिग्नल उणे ७१ पासून उणे ५६ ला आला (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) तेव्हा नट आवळले. रॉड पण ठोकला, तीन फुटांवर खडक लागला म्हणून हौदाशेजारी ओल्या जागेत घेतला. दुसरी म्हैस पुढच्या आठवड्यात व्यायची आहे, उशाला फोन ठेवून झोपतोय.